नाक्यावरचे रेशमी मोजे

राजुरा, १९३४

डोक्यावरची रूमी टोपी नीट करा. आज तुम्ही निजामाचे नोकर आहात, राजुऱ्याकडच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्यावरचे मोहरीर, म्हणजे कारकून. घरी तुम्ही मराठी बोलता, बाजारात तेलुगू आणि गोंडीही कानावर पडते, पण समोरच्या वहीत लिहायचं ते उर्दूत. पगार मिळतो हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. वर्धा नदी ओलांडली की त्याच रुपयाचं मोल उतरतं, कारण तिथे इंग्रजांचा कलदार रुपया चालतो. तो तीर इंग्रजांच्या मध्यप्रांताचा, चांदा जिल्ह्याचा. १९२९ साली बल्लारशा ते काझीपेठ रूळ जोडले गेले आणि दिल्ली-मद्रासची गाडी नदीवरचा पूल ओलांडून तुमच्या मुलखातल्या जंगलातून धावू लागली. बैलगाडीने येणारा-जाणारा माल मात्र अजून तुमच्या हाताखालूनच जातो.

आज सकाळी तुमच्या बाकावर दोन जिनसा आल्या आहेत. पहिली चालली आहे नदीपलीकडे. पोत्याचं तोंड सोडता सोडता गाडीवान सांगतो, "कोसे हायत जी मुनशीजी, आरमोरीले न्यावाचे हायत." आत करड्या-पिवळट रंगाचे, अंड्याएवढे कोसे, रानरेशमाच्या किड्याचे कोश. एक उचला. टणक आहे, नख रुतत नाही. एका टोकाला काळपट देठ, देठाच्या शेवटी एक कडं. अळीने स्वतःला टांगून घेण्यासाठी ऐनाच्या झाडाच्या डहाळीभोवती ते वळलेलं होतं. कानाजवळ हलवा, आतला किडा खुळखुळतो.

दुसरी जिन्नस पलीकडून आली आहे. चांद्याच्या व्यापाऱ्याने पातळ कागदात गुंडाळलेली पुडी तुमच्यापुढे ठेवली आहे. कुणा बड्या हुद्देदाराच्या घरून मागणी आहे म्हणे. पुडीत बाईमाणसाचे रेशमी पायमोजे, मांडीपर्यंत येणारे. हात आत घाला. बोटांच्या रेषा कापडातून दिसतात. पोटरीमागून एक शिवण सरळ टाचेपर्यंत उतरते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके उमटलेले आहेत. ठिपके लक्षात ठेवा, त्यांचा उलगडा पुढे होईल.

तुमचं काम साधं आहे. किंमत विचारायची, शेकडा पाचाने जकात लावायची, पावती फाडायची. पण व्यापारी किंमत सांगतो आणि तुमचा टाक थबकतो. हा एक जोड आणि ते पोतं, दोन्ही रेशीमच. दोन्ही किड्याने काढलेल्या तारेचं. मग भावात एवढं अंतर कसं? नाक्यावर बसून हा हिशेब सुटायचा नाही. टाक खाली ठेवा आणि मोज्याच्या मागावर चला.

कॅल्व्हर्टन, १५८९

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायरचं हे खेडं. राणी पहिली एलिझाबेथ गादीवर आहे. गावातली बायकापोरं लोकरीचे मोजे हाताने विणतात. शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नात तेवढीच भर. रेशमी मोजे दरबारी लोकांसाठी. तेही हातविणीचे असतात, स्पेन-इटलीहून येतात आणि त्यांना दाम मोठा पडतो.

तुम्ही विल्यम ली या पाद्र्याच्या लाकडी सांगाड्यासमोर उभे आहात. माणूस दोन सुयांवर विणतो तेव्हा एकेक टाका उचलतो, त्यातून धागा ओढतो, जुना टाका सोडतो. लीने टाक्यागणिक एक सुई दिली आहे. साऱ्या सुया एका ओळीत आडव्या, प्रत्येकीचं टोक मागे वळलेलं. सुयांवरून धागा आडवा टाकला की पातळ पट्ट्या खाली येतात आणि दोन-दोन सुयांमध्ये धागा दाबून त्याच्या लाटा करतात. मग एक दांडी सगळी वळलेली टोकं एकदम मिटवते, जुने टाके त्यांच्यावरून घसरून पुढे पडतात आणि नवी ओळ तयार होते. एका दमात अख्खी ओळ. हाताने मिनिटाला शंभरेक टाके पडत, इथे पहिल्याच यंत्रावर सहाशेच्या घरात पडत, असं सांगतात. तुमच्या ओळखीचा हातमाग उभे-आडवे धागे एकमेकांत गुंततो. इथे एकच धागा स्वतःत अडकत जातो, म्हणून कापड ताणतं आणि पायाला बिलगून बसतं.

ली हे यंत्र राणीपुढे नेतो. पुढची कथा परंपरेने चालत आलेली आहे. राणीला मोजा जाडाभरडा वाटला, तिला रेशमी हवा होता. इंचाला आठ सुया होत्या, लीने त्या वीसपर्यंत नेल्या आणि १५९८ च्या सुमारास यंत्रावर रेशीम विणून दाखवलं. तरी एकाधिकाराची सनद मिळाली नाही. हाताने विणून पोट भरणारी माझी गरीब प्रजा भिकेला लागेल, असं कारण राणीने दिल्याचं सांगतात.

राणीला खरंच विणकरणींची काळजी होती की काय, हे तिचं तिला ठाऊक. पण तिने विचारलेला प्रश्न नोंदवून ठेवा. यंत्राने पोटं मारली जातील का? ली मात्र फ्रान्सला गेला. तिथल्या राजा चौथ्या हेन्रीच्या आश्रयाने रूआँ शहरात त्याने यंत्रं मांडली, १६१० मध्ये हेन्रीचा खून झाला आणि आधार तुटला. पुढे काही वर्षांतच ली पॅरिसमध्ये वारला. त्याचा भाऊ जेम्स यंत्रं आणि कारागीर घेऊन लंडनला परतला. राणीने नाकारलेला धंदा तिथे असा रुजला की १६५७ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेलने मोजेविणकरांच्या संघाला सनद दिली आणि १६९६ मध्ये ही यंत्रं देशाबाहेर नेण्यावर कायद्याने बंदी आली.

नॉटिंगहॅमशायर, १८११-१२

दोनशे वर्षं पुढे आलात. आता तुम्ही मोजेविणकर आहात. माडीवरच्या लांबलचक खिडकीशी यंत्र लावलेलं आहे, दिवसाचा उजेड शेवटपर्यंत वापरता यावा म्हणून. अंधार पडला की मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचा, ज्योतीचा उजेड त्यातून सुयांवर एकवटतो. हात दांड्यांवर, पाय पावड्यांवर. बायको तुकडे शिवते, मुलं धागा गुंडाळतात. कारखाना अजून आलेला नाही. घर तुमचं, घाम तुमचा, कसब तुमचं.

यंत्र मात्र तुमचं नाही.

ते मोज्यांच्या व्यापाऱ्याचं आहे आणि त्याचं भाडं दर आठवड्याला तुमच्या मजुरीतून कापलं जातं. काम पुरेसं आलं तरी भाडं, अर्धंच आलं तरी भाडं. व्यापाऱ्याने यातला नफा ओळखला आहे. दहा जणांचं काम तो वीस जणांत वाटतो. वीस यंत्रांचं भाडं सुरू राहतं आणि विसांपैकी एकाचंही पोट भरत नाही. सुया, तेल, मेणबत्त्या यांचा खर्च पुन्हा तुमच्याच माथी.

त्यातच बाजारात खोटा माल येतो. रुंद कापड विणायचं, मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवून विकायचं. घोट्याशी टाके कमी करत, पोटरीशी वाढवत आकार देण्याचं तुमचं कसब त्याला लागत नाही. असा मोजा लवकर उसवतो, पण स्वस्त असतो, आणि त्यामुळे तुमचा भाव पडतो. मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात रात्री यंत्रं फोडली जातात. चळवळीला नेड लड या दंतकथेतल्या माणसाचं नाव मिळतं आणि फोडणारे लडाइट म्हणून ओळखले जातात. यंत्राचे शत्रू, अशी त्यांची अपकीर्ती आजवर चालू आहे. पण ज्या माणसाचे आजे-पणजे यंत्रावर विणत आले तो यंत्राचा शत्रू कसा असेल? त्याचं भांडण खोट्या मालाशी, पडलेल्या मजुरीशी आणि ते लादणाऱ्या मालकाशी होतं. मजुरी पाडणाऱ्यांची यंत्रं नेमकी हेरून फोडल्याच्या नोंदी आहेत.

फेब्रुवारी १८१२ मध्ये तरुण कवी लॉर्ड बायरन उमरावांच्या सभागृहात पहिलं भाषण करतो, ते याच विणकरांच्या बाजूने. उपयोग होत नाही. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा त्याच वर्षी मंजूर होतो. यंत्राचं भाडं मजुरीतून कापायला मनाई करणारा कायदा यायला १८७४ साल उजाडावं लागलं.

राणीचा प्रश्न इथे उलटा करून बघा. पोटं यंत्राने मारली की यंत्राच्या भाड्याने?

लफबरो, १८६४

इथे फार वेळ थांबू नका, वाफेच्या इंजिनाचा आवाज सोसवणार नाही. विल्यम कॉटनने पेटंट घेतलेलं यंत्र एकाच वेळी अनेक मोजे विणतं आणि घोट्याशी टाके आपोआप कमी करतं. कडेचे टाके आतल्या सुयांवर सरकवताना प्रत्येक वेळी एक खूण उमटते. नाक्यावर शिवणीलगत दिसलेले ठिपके ते हेच. पाय सपाट विणून मागे शिवलेला असतो, म्हणून ती शिवण. माडीवरच्या विणकराचं सारं कसब आता लोखंडात उतरलं आणि लोखंड कारखान्यात गेलं. १९३४ मध्ये तुम्ही बोटांवर चढवलेला मोजा याच घराण्याच्या यंत्रावरचा. तेव्हाच्या ४५ गेजच्या यंत्रात दीड इंचात ४५ सुया बसत. लीच्या वीसवरून इंचाला तीस.

एवढ्या दाट सुयांना धागाही तसाच लागतो. गोल, गुळगुळीत, पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत सारख्या जाडीचा. एखादी गाठ आली, एखादी तार फुगली की टाका सुटतो, आणि एक टाका सुटला की खालपर्यंत सरळ रेघ उसवत जाते. असा धागा पाळीव किड्याचा, तुतीच्या पानांवर वाढलेला. विसाव्या शतकात तो मुख्यतः जपानमधून येई.

लीक आणि पॅरिस, १८७८

मग गाडीवानाच्या पोत्यातला कोसा इथवर पोहोचलाच नाही का? पोहोचला. स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डलचा रंगकारखाना आहे. प्रसिद्ध नक्षीकार विल्यम मॉरिस रंगकामाचे प्रयोग करायला त्याच्याकडेच येत असे. हिंदुस्थानातल्या रानरेशमाने वॉर्डलला झपाटलं आहे. कोसा धड पांढरा होत नाही आणि रंग नीट धरत नाही, ही जुनी अडचण त्याने प्रयोगांती सोडवली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगवलेला कोसा मांडला. पुढे १८८५-८६ मध्ये तो स्वतः हिंदुस्थानात येऊन गेला. ब्रॅडफर्डच्या लिस्टरच्या गिरणीत कोशापासून सीलच्या कातड्यासारखं दिसणारं लवदार कापड निघालं आणि श्रीमंत बायकांच्या अंगरख्यांवर चढलं.

मोज्याच्या सुयांशी मात्र कोशाचं जमणं कठीण होतं. त्याची तार आपल्या नखाने चाचपा. तुतीच्या रेशमाची तार दोन-तीन डेनियरची, म्हणजे ९,००० मीटर लांबीचं वजन दोन-तीन ग्रॅम. कोशाची त्याच्या तिप्पट-चौपट. शिवाय ती गोल नाही, फितीसारखी चपटी आहे आणि तिच्यावर उभ्या रेघा आहेत. चपट्या तारेवरून उजेड तुटक परावर्तित होतो, म्हणून कोसा झगमगत नाही, मंद चमकतो. लवदार कापडात आणि हातमागावर हा गुण ठरतो. इंचाला तीस सुयांच्या यंत्रात तीच खोड होते. यंत्राला एकसारखेपणा हवा आणि जंगलात कुठलीच दोन झाडं एकसारखी नसतात.

ऐनाखाली, कुठल्याही पावसाळ्यात

आता परत वर्धेच्या खोऱ्यात या आणि यंत्राविना चालणारा धंदा बघा. इथे साल सांगण्याची गरज नाही, कारण कामाची रीत फारशी बदललेली नाही. ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या पानांवर हिरव्यागार, बोटभर जाड अळ्या चढलेल्या आहेत. तुतीचा किडा घरात, छपराखाली वाढतो. हा उघड्यावर, ऊन-पावसात. त्याच्यावर पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या टपलेल्या असतात. म्हणून पाळणाऱ्याने झाडाखाली ठाण मांडायचं, दिवसभर हाकारे घालायचे, गुलेल मारायची आणि एका झाडाची पानं संपली की अळ्या दुसऱ्यावर न्यायच्या. या भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजाने केलं आहे.

या किड्याच्याही स्थानिक जाती आहेत. वरच्या अंगाला 'भंडारा' या नावाने ओळखली जाणारी, खालच्या अंगाला गोदावरीच्या खोऱ्यातली 'आंध्र लोकल'. राजुरा या दोन मुलखांच्या मधल्या पट्ट्यात येतो.

कोसे उतरले की क्षारयुक्त पाण्यात उकळायचे, तेव्हा कुठे तो टणकपणा विरघळतो. मग बायका बसतात. चार-पाच कोशांच्या तारा एकत्र ओढायच्या, उघड्या मांडीवर तळहाताने वळ द्यायचा, गुंडाळायच्या, पुन्हा ओढायच्या. मध्य आणि पूर्व भारतातल्या कोशाच्या मुलखात धागा असाच निघत आला. मांडीची कातडी सोलवटते, पाठ धरते आणि दिवसाअखेर हाती येणारा धागा मोजका असतो. विदर्भातल्या विणकरांनी यातूनच करवतीकाठी साडी विणली. तिचे करवतीच्या दात्यांसारखे काठ तीन धोट्यांनी विणले जातात. आज त्या कापडाला भौगोलिक मानांकनही आहे. साडीला नाव आहे, विणकराला थोडंफार नाव आहे. मांडीवर धागा वळणारीचं नाव कुठेच नाही.

नाक्यावर अडलेला तुमचा हिशेब आता सुटेल. मोज्याच्या किमतीत जपानी रेशीम होतं, कारखान्याचा नफा होता आणि भाड्यापायी झिजलेल्या पिढ्यांच्या कसबाचं भांडवल होतं. पोत्याच्या भावात झाडाखालच्या माणसाच्या आणि मांडी सोलवटणाऱ्या बाईच्या मेहनतीची किंमत लावलीच नव्हती. एका टोकाला यंत्राची मालकी दुसऱ्याची, दुसऱ्या टोकाला यंत्रच नाही. कष्टणाऱ्याच्या हाती दोन्हीकडे सारखंच थोडं लागलं.

१९४० ते १९५९, झपाट्याने

१५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनचे मोजे विक्रीला आले. पुढच्या वर्षी जपानी रेशीम बंद झालं. युद्धात तर जुने रेशमी मोजे गोळा करून तोफांच्या दारूच्या पिशव्या शिवल्या गेल्या, कारण रेशीम तोफेत धुमसते अवशेष न ठेवता जळतं. साडेतीनशे वर्षं घडत आलेली चीज पाच-सात वर्षांत बाजारातून जवळजवळ उठली.

इकडे सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाची सत्ता संपली. काही वर्षांत करोडगिरीही गेली, हाली शिक्काही गेला. तुमची मोहरीरकी उरली नाही. राजुरा तालुका १९५६ मध्ये मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. वर्धा नदीची सरहद्द संपली. मुलखाचा मालक कोण आहे, याने ऐनाला फरक पडला नाही.

आज

आता यंत्र कोशाकडेही आलं आहे. मांडीवरचं वळणं थांबावं म्हणून गेल्या दशकात केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं धागा काढण्याचं छोटं यंत्र पुढे आणलं. धागा जास्त निघतो, सारखा निघतो आणि कातडी वाचते. याला विरोध करण्यासारखं काही नाही. मांडी सोलवटून काढलेल्या धाग्याला परंपरा म्हणून गोंजारणं हे ज्याची मांडी सोलवटत नाही त्यालाच परवडतं.

पण तुम्ही नॉटिंगहॅमशायरच्या माडीवर बसून आला आहात. घरात यंत्र आलं म्हणजे घरात सुख आलं असं होत नाही, हे तुम्ही भोगलं आहे. यंत्र कुणाच्या नावावर आहे, त्याचं भाडं किंवा हप्ता कोण वसूल करतो, कोसे महाग झाले किंवा मिळालेच नाहीत त्या महिन्यात तो हप्ता थांबतो का, निघालेला धागा विकण्याची मोकळीक तो काढणाऱ्या बाईला आहे की यंत्र देणाऱ्यालाच घालायचा, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. राणीने अर्धाच प्रश्न विचारला होता आणि तिचा देश पुढे यंत्रफोडीपर्यंत गेला.

तेव्हा सरकारी योजनांवर आणि बचतगटांवर काम करणाऱ्यांना एकच मागणं आहे. यंत्र धागा काढणाऱ्या बाईच्या नावावर द्या, व्यापाऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर नको. आणि तुम्ही-आम्ही कोशाची साडी किंवा उपरणं घ्यायला जाऊ तेव्हा काठ, रंग, भाव विचारून झाल्यावर आणखी एक विचारावं. धागा कुणी काढला आणि यंत्र कुणाचं? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर त्याने ते शोधून आणावं. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा विचारू लागलं की उत्तर ठेवणं दुकानाला भाग पडतं.